स्त्री आणि भार : पहिल्या बारा आठवड्यांचा विचार

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सव हा हिशेबाचा प्रसंग असतो. साठ वर्षांत शाळेने किती विद्यार्थी घडविले, किती पदके मिळविली, किती इमारती उभ्या राहिल्या, याची नोंद अशा प्रसंगी होतेच. परंतु काही हिशेब नोंदवहीत मांडले जात नाहीत. साठ वर्षांपूर्वी मराठी शाळांतून मुलींच्या वाट्याला कवायत होती, लेझीम होते, लंगडी आणि खो-खो होते. वजन उचलणे मात्र नव्हते. तालमीतला नाल, करेला आणि गदा ही मुलांची मिरास समजली जात असे, आणि तालमीच्या उंबरठ्याआत मुलीने पाऊल टाकावे, हा विचारच कोणाच्या मनाला शिवत नसे. यात एकट्या महाराष्ट्राला दोष देण्याचे कारण नाही. स्त्रियांची पहिली जागतिक भारोत्तोलन स्पर्धा अमेरिकेत डेटोना बीच येथे भरली ती १९८७ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना या खेळाचे दार उघडले ते २००० साली, सिडनीत. तेव्हा या शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थिनी शाळा सोडून संसाराला लागल्या होत्या. त्या आज साठीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्यासाठी, त्यांच्या मुलींसाठी आणि नातींसाठी आजचा विषय योजिला आहे : ज्या स्त्रीने आजवर बारबेलला हात लावलेला नाही, तिने आरंभ कसा करावा आणि त्यासाठी योग्य कार्यक्रम कसा निवडावा?

प्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्त्रियांनी वजन उचलू नये असे सांगणाऱ्या समाजाने स्त्रियांना वजन उचलण्यापासून कधीच मुक्त केले नाही. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो वायू असतो. रिकाम्या टाकीचे वजन साधारण तेवढेच. म्हणजे भरलेला सिलिंडर सुमारे तीस किलोंचा. पंधरा लिटरची बादली पाण्याने भरली की पंधरा किलोंवर जाते. कडेवरचे दोन वर्षांचे मूल दहा-बारा किलोंचे असते, आणि ते एकाच बाजूला, तासन्‌तास, दुसऱ्या हाताने पोळी लाटत वाहिले जाते. प्रश्न भार उचलावा की न उचलावा हा नव्हताच. प्रश्न एवढाच आहे की तो भार अजाणतेपणी, वाकड्या पाठीने आणि थकल्या अंगाने उचलावा, की मोजून, क्रमाक्रमाने आणि शास्त्र समजून घेऊन उचलावा. व्यायामशाळेतील भार आणि घरातील भार यांत फरक आहे तो मापाचा आणि विश्रांतीचा. व्यायामातील भार मोजलेला असतो, आणि त्याच्यानंतर विश्रांती ठरलेली असते. घरातील भाराला दोन्ही नसतात.

या मापाचा शोध युद्धाच्या रुग्णालयात लागला. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे गुडघे लवकर बरे व्हावेत म्हणून थॉमस डिलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी त्यांना वजने उचलावयास लाविली. त्यांचा १९४५ मधील प्रबंध आणि त्यानंतरचे लेखन यांतून एक साधी पद्धत पुढे आली. जे वजन रुग्ण जेमतेम दहा वेळा उचलू शकतो ते शोधावे. पहिल्या फेरीत त्याच्या निम्मे, दुसरीत पाऊण, तिसरीत पूर्ण वजन दहा-दहा वेळा उचलावे. बळ वाढेल तसे वजन वाढवावे. आज जगभरच्या व्यायामशाळांत ‘तीन सेट, दहा रेप’ असे जे सर्रास सांगितले जाते, त्याचे मूळ या रुग्णशय्येपाशी आहे. धडधाकट पैलवानांसाठी नव्हे, तर दुबळ्या झालेल्या अवयवांसाठी ही पद्धत जन्मली, हे नवशिक्या स्त्रीने विशेष लक्षात ठेवावे. भाराचा व्यायाम करण्यासाठी आधी बलवान असावे लागत नाही.

मग हा व्यायाम हवाच कशासाठी? चालणे पुरेसे नाही काय? चालणे उत्तमच आहे. परंतु ते सगळी कामे करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबरच, शरीरातील सर्व प्रमुख स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा, असे स्पष्टपणे म्हटले आहे. पहिली अट पुष्कळांना ठाऊक असते, दुसरी क्वचितच. तिशीनंतर स्नायूंचे प्रमाण हळूहळू घटू लागते. रजोनिवृत्तीनंतर हाडांची झीज वेगाने होते. तरुणपणी या घटीची जाणीव होत नाही. ती होते साठीनंतर, जेव्हा पाटावर बसलेल्या स्त्रीला उठताना भिंतीचा आधार लागतो, देवघरासमोरून उठण्यासाठी सुनेला हाक मारावी लागते, आणि न्हाणीघरात पाय घसरला की खुब्याचे हाड मोडते. जमिनीवर बसणे हा मराठी घराचा जुना शिष्टाचार आहे. जमिनीवरून आपल्या आपण उठता येणे हे त्या घरातील स्त्रीचे स्वातंत्र्य आहे, आणि ते टिकविण्याचे सामर्थ्य मांड्यांच्या व कमरेच्या स्नायूंत असते.

हाडांविषयी एक दाखला देण्याजोगा आहे. ऑस्ट्रेलियात रजोनिवृत्ती झालेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रियांवर केलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोन वेळा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली जड वजनांचा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला. पहिल्या गटात कण्याच्या खालच्या भागातील हाडांची घनता सरासरीने २.९ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्यात ती १.२ टक्क्यांनी घटली. ज्या स्त्रियांना ‘आता जपून राहा, काही उचलू नका’ असा उपदेश सर्वत्र केला जातो, त्यांचीच हाडे वजन उचलण्याने सुधारली. मात्र यातील ‘तज्ज्ञांच्या देखरेखीखाली’ हे शब्द गाळून हा दाखला कोणी सांगू नये. त्या स्त्रियांनीही आरंभी हलक्या भाराने हालचाली शिकून घेतल्या आणि मगच वजन चढविले.

दुसरी भीती रूपाची. वजने उचलली की स्त्रीचे शरीर पुरुषी दिसू लागते, ही समजूत अजून मुळीच मावळलेली नाही. पुष्ट स्नायूंच्या वाढीस साहाय्यभूत होणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रियांच्या शरीरात पुरुषांपेक्षा अनेक पटींनी कमी असते. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेत दिसणारी देहयष्टी घडविण्यासाठी वर्षानुवर्षांचा कठोर आहार आणि रोजचे तासन्‌तास लागतात. ती चुकून कोणाला लाभत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा पाऊण तास व्यायाम करणाऱ्या स्त्रीला लाभतो तो ताठ कणा, बळकट मांड्या आणि जिने चढताना न लागणारी धाप.

भारोत्तोलनात भारतीय स्त्रीने जे कर्तृत्व गाजविले, त्याचा ओझरता उल्लेख येथे केलाच पाहिजे. मणिपूरच्या कुंजराणी देवींनी १९८९ मध्ये मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदके मिळविली. कर्णम मल्लेश्वरी यांनी २००० साली सिडनीत ११० आणि १३० असे एकूण २४० किलो वजन उचलून कांस्यपदक जिंकले आणि त्या ऑलिंपिक पदक मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. मीराबाई चानू यांनी टोकियोत ४९ किलो गटात २०२ किलोंचे रौप्य आणले. महाराष्ट्रही मागे राहिला नाही. पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळची हर्षदा गरुड हिने २ मे २०२२ रोजी ग्रीसमधील हेराक्लिऑन येथे कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ४५ किलो वजनगटात स्नॅचमध्ये ७० आणि क्लीन अँड जर्कमध्ये ८३, असे एकूण १५३ किलो उचलून सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय खेळाडू होय. वडील शरद गरुड यांना या खेळाची स्वतःची आवड. प्रशिक्षण मिळाले ते गावातच, बिहारीलाल दुबे यांच्या व्यायामशाळेत. त्यापुढच्याच महिन्यात पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत सांगलीच्या काजोल सरगर हिने ४० किलो गटात एकूण ११३ किलो उचलून सुवर्ण मिळविले. तिचा थोरला भाऊ संकेत याने त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य जिंकले. वडगाव मावळ आणि सांगली ही काही महानगरे नव्हेत. तेथे जाणते प्रशिक्षक होते, मुलीला पाठविणारे घर होते आणि बार होता. आरंभाला एवढेच लागते.

परंतु येथेच एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न कळल्यामुळे अनेक स्त्रिया चुकीच्या कार्यक्रमाच्या मागे लागतात. हर्षदा करते ते भारोत्तोलन : स्नॅच आणि क्लीन अँड जर्क हे दोन वेगवान, कौशल्याचे प्रकार. दुसरा खेळ पॉवरलिफ्टिंगचा : स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट यांत एकदाच उचलता येईल असे अधिकाधिक वजन. तिसरा प्रकार हा खेळच नव्हे. तो आहे बलसंवर्धनाचा सर्वसाधारण व्यायाम, ज्यात डंबेल आणि बारबेल ही साधने म्हणून वापरली जातात. नवशिक्या स्त्रीला हवा आहे हा तिसरा प्रकार. त्यातून पुढे कोणाला खेळाची गोडी लागली तर ती आनंदाचीच गोष्ट. परंतु आरंभ खेळाडूच्या कार्यक्रमाने करणे म्हणजे बाराखडी येण्यापूर्वी महाकाव्य लिहावयास बसणे होय.

मुक्त वजने म्हणजे कोणत्याही यंत्राला न जोडलेली वजने. यंत्रावर बसून वजन ओढताना हालचालीचा मार्ग यंत्र ठरविते. डंबेल हातात घेतले की तोल सावरण्याचे काम शरीराला स्वतः करावे लागते, आणि संसारातील कोणतीही वस्तू रुळांवरून सरकत नाही. म्हणून मुक्त वजनांवर मिळविलेले बळ घरात, प्रवासात, रुग्णसेवेत थेट उपयोगी पडते.

आता हा कार्यक्रम शोधावा कसा, हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. मराठी शाळेत शिकलेली एखादी माजी विद्यार्थिनी पतीच्या किंवा स्वतःच्या नोकरीनिमित्त जयपूरला सिव्हिल लाइन्समध्ये राहावयास गेली आहे. राज्यपालांचे आणि मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान याच भागात. मोठी झाडे, रुंद रस्ते, मानसरोवरहून चांदपोलकडे जाणाऱ्या मेट्रोचे स्थानक हाकेच्या अंतरावर. सकाळी फिरावयास जागा उत्तम आहे, पण वय चाळिशीच्या पुढे गेले आहे, गुडघा कुरकुरतो, आणि डॉक्टरांनी स्नायू बळकट करावयास सांगितले आहे. माहेरची माणसे हजार किलोमीटर दूर, शेजार नवा, भाषा हिंदी. जवळच्या व्यायामशाळेच्या पायऱ्या ती चढते. तेथे तिने काय पाहावे आणि काय विचारावे?

पहिला प्रश्न बारविषयी विचारावा. स्पर्धेतील पुरुषांचा बार २० किलोंचा आणि २८ मिलिमीटर जाडीचा असतो. स्त्रियांचा १५ किलोंचा आणि २५ मिलिमीटर जाडीचा. स्त्रीच्या हाताची पकड लक्षात घेऊनच तो बारीक केलेला आहे. अनेक व्यायामशाळांत केवळ वीस किलोंचाच बार असतो, आणि ‘रिकाम्या बारने सुरुवात करा’ असा सल्ला दिला जातो. जिने आयुष्यात डोक्यावर काही उचललेले नाही तिच्यासाठी वीस किलो हा आरंभ नव्हे, तो अडथळा आहे. म्हणून पंधरा किंवा दहा किलोंचा बार आहे का, हे विचारावे.

दुसरा प्रश्न लहान वजनांचा. पाच किलोंच्या डंबेलनंतर एकदम साडेसात किलोंचे डंबेल असेल तर ती वाढ अर्ध्या पटीची, म्हणजे पन्नास टक्क्यांची झाली. खांद्यांना इतकी उडी झेपत नाही. सव्वा किलोंच्या दोन चकत्या बारवर चढविल्या तर वाढ अडीच किलोंची होते. हीच योग्य पायरी. जेथे दोन किलोंपासून दहा किलोंपर्यंत डंबेल एकेक किलोच्या अंतराने मांडलेली आहेत आणि सव्वा किलोंच्या चकत्या धूळ खात पडलेल्या नाहीत, ती व्यायामशाळा नवशिक्यांचा विचार करते असे समजावे.

तिसरा प्रश्न प्रशिक्षकाविषयी. त्याच्या दंडांचा घेर पाहू नये. तो पहिल्या दिवशी काय विचारतो ते पाहावे. रक्तदाब, जुनी दुखापत, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झोप, यांची चौकशी न करता जो वजन हाती देतो, त्याच्यापासून दूर राहावे. प्रत्येक दिवशी नवा, चमत्कृतिपूर्ण व्यायाम देणाराही टाळावा, कारण प्रगती मोजावयाची तर तेच तेच व्यायाम पुन्हा पुन्हा करावे लागतात. जो वही ठेवतो आणि ठेवावयास लावतो, तो विश्वासार्ह.

चौथी गोष्ट भाषेची, आणि परप्रांतात ती क्षुल्लक नाही. हिंदीत ‘कमर सीधी रखिए’ असे म्हटले जाते, तेव्हा बहुधा पाठीचा खालचा भाग अभिप्रेत असतो. मराठी कानाला ‘कंबर’ ऐकू येते आणि मनाला वाटते की कंबरेत वाकायचेच नाही. प्रत्यक्षात वाकावयाचे आहे ते खुब्याच्या सांध्यात. कणा मात्र आपल्या नैसर्गिक बाकात स्थिर ठेवावयाचा आहे. शब्द कळला नाही तर हात लावून दाखविण्यास सांगावे, त्यात संकोच नको. स्त्री-प्रशिक्षक किंवा स्त्रियांची स्वतंत्र वेळ असेल तर हे अधिक सोपे जाते. बाकी ‘बैठक’ हा शब्द दोन्ही भाषांत एकच आहे, आणि स्क्वॉट म्हणजे अखेर बैठकच.

आता प्रत्यक्ष बारा आठवडे. शरीराच्या मूळ हालचाली सहा : बसून उठणे, खुब्यातून वाकून उचलणे, पुढे ढकलणे, ओढून घेणे, डोक्यावर नेणे आणि वाहून नेणे. चांगल्या कार्यक्रमात या सहाही असतात. आणि सहांखेरीज फारसे काही नसते. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये दोन दिवसांची तरी विश्रांती. समजा सोमवार आणि गुरुवार.

पहिले दोन आठवडे केवळ हालचाल शिकण्याचे. खुर्चीच्या उंचीपर्यंत बसून उठावे. वाकण्याचा सराव काठीने करावा : झाडूचा लांब दांडा पाठीशी उभा धरावा, डोक्याचा मागचा भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड ही तीनही ठिकाणे त्याला टेकलेली राहतील अशा रीतीने खुबे मागे नेत वाकावे. एखादे ठिकाण सुटले की कणा वाकला असे समजावे. यासारखा निःपक्षपाती शिक्षक दुसरा नाही. प्रत्येक हालचाल आठ ते दहा वेळा, असे दोन सेट.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात डंबेल हाती येते. चार ते सहा किलोंचे एक डंबेल दोन्ही तळव्यांत छातीशी धरून बैठका. दोन हातांत चार-पाच किलोंची डंबेल घेऊन खुब्यातून वाकणे. जमिनीवर उताणे झोपून तीन-चार किलोंची डंबेल वर ढकलणे. बाकावर एक हात टेकून दुसऱ्याने वजन कुशीकडे ओढणे. दोन-तीन किलोंची डंबेल डोक्यावर नेणे. आणि शेवटी दोन्ही हातांत सहा-सात किलो घेऊन ताठ मानेने वीस पावले चालणे. हे आकडे आज्ञा नव्हेत, अंदाज आहेत. कसोटी वेगळी आहे : सेट संपला तेव्हा आणखी दोन वेळा नीट करता आले असते, असे वाटले पाहिजे. पाच वेळा सहज झाले असते तर वजन हलके आहे. एकही वेळ होणार नाही असे वाटले तर जड. दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटे विश्रांती घ्यावी आणि तिची लाज बाळगू नये.

वाढीचा नियम असा. तीन सेट, प्रत्येकी आठ ते दहा वेळा. तीनही सेटमध्ये दहापर्यंत पोहोचणे सलग दोन दिवस साधले की पुढच्या वेळी उपलब्ध असलेली सर्वांत लहान वाढ करावी आणि पुन्हा आठापासून आरंभ करावा. वहीत तारीख, वजन आणि संख्या लिहावी. ज्या स्त्रीने वर्षानुवर्षे दूधवाल्याचा आणि वाण्याचा हिशेब लिहिला तिला हे अवघड नाही; फरक इतकाच की हा हिशेब तिच्या स्वतःच्या खात्यातला आहे.

सातव्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत बार. डेडलिफ्टने आरंभ करावा. पण रिकामा बार जमिनीवरून उचलू नये. प्रमाणित मोठ्या चकत्यांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे त्या लावलेला बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. लहान चकत्यांचा बार त्याहून खाली असतो आणि नवशिकी स्त्री त्याच्यापर्यंत पोहोचताना पाठ वाकविते. म्हणून तो ठोकळ्यांवर किंवा रॅकच्या खालच्या आधारांवर ठेवून उचलावा. या टप्प्यावर अंग साथ देत असेल तर तिसरा दिवस वाढवावा. नसेल तर दोनच दिवस पुष्कळ आहेत.

सुरक्षिततेविषयी गंभीरपणे बोलले पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानातच, बिकानेर येथे, सतरा वर्षांची एक पदकविजेती पॉवरलिफ्टर सराव करीत असताना २७० किलोंचा भार मानेवर पडून मरण पावली. ही बातमी ऐकून अनेक घरांतून मुलींचे व्यायामशाळेत जाणे थांबविण्याचा विचार झाला असेल, तर तो समजण्याजोगा आहे. परंतु तो स्पर्धेच्या टोकावरचा भार होता; पाच किलोंच्या डंबेलशी त्याची तुलना होऊ शकत नाही. त्या दुःखद घटनेतून घेण्याचा बोध असा की बार खांद्यावर घेऊन बसताना दोन्ही बाजूंचे सुरक्षा-आधार योग्य उंचीवर लावलेले असलेच पाहिजेत. उताणे झोपून बार ढकलताना शेजारी जाणते माणूस हवे, नसेल तर डंबेलच वापरावीत. आणि हौसेपोटी, दुसऱ्याने आव्हान दिले म्हणून, न मोजलेल्या वजनाला हात लावू नये. श्वास कोंडून धरू नये. वजन वर नेताना सोडावा. व्यायामानंतर एक-दोन दिवस स्नायू ठणकणे स्वाभाविक आहे. सांध्यात कळ येणे स्वाभाविक नाही, तेथे थांबावे. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अंग बाहेर येण्याचा त्रास, गर्भारपण किंवा अलीकडचे बाळंतपण असेल तर डॉक्टरांचा सल्ला आधी, व्यायाम नंतर. मासिक पाळीत व्यायाम निषिद्ध नाही. त्या दिवसांत वजन कमी करावे की विश्रांती घ्यावी, हे ज्या त्या स्त्रीच्या शरीराने ठरवावे. जयपूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांवर जातो. तेव्हा व्यायाम पहाटेचाच असावा आणि पाणी जवळ असावे.

आहाराशिवाय व्यायाम म्हणजे पाण्याशिवाय पेरणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणून व्यायामशाळेची पावती फाडण्यापूर्वी रक्ताची तपासणी करून घ्यावी. ज्या स्त्रीचे हिमोग्लोबिन खालावले आहे तिला लागणारी धाप आळसाची नसते. प्रथिनांविषयी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची शिफारस शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅमची आहे. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम. बलसंवर्धनाचा व्यायाम करणारीला त्याहून काहीसे अधिक हवे. त्यासाठी महागड्या डब्यांची गरज नाही. वरण, उसळी, दही, ताक, पनीर, शेंगदाणे, आणि चालत असल्यास अंडी व मासे. महाराष्ट्रातील मटकी राजस्थानात ‘मोठ’ या नावाने विकली जाते, आणि तेथे ती विपुल पिकते. तेव्हा सिव्हिल लाइन्समधील स्वयंपाकघरातही मटकीची उसळ अगदी सुखाने शिजू शकते. खरी अडचण धान्याची नाही, ताटाची आहे. सर्वांचे झाल्यावर उरलेले खाण्याची सवय ज्या घरात अजून आहे, तेथे कोणताही कार्यक्रम यशस्वी होणार नाही.

बारा आठवड्यांनी काय दिसेल? आरशात कदाचित फारसे नाही. आरंभीचे बळ मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिकण्यातून येते. मेंदू आणि स्नायू यांचा संवाद सुधारतो, आणि स्नायूंची वाढ मागाहून हळूहळू दिसते. म्हणून वजनकाट्याकडे पाहून निराश होऊ नये, वहीकडे पाहावे. जी चार किलो छातीशी धरून खुर्चीवर टेकत होती ती दहा किलो घेऊन खुर्चीवाचून बसते-उठते आहे, ही प्रगती खरी. सिलिंडर सरकविताना, रेल्वेच्या डब्यात बॅग वर ठेवताना, आजारी सासूबाईंना पलंगावरून उठविताना तिची प्रचीती येते.

अखेरीस शाळेविषयी. हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी शाळेला काही भेट देऊ इच्छितात. कमान आणि कोनशिला यांच्या यादीत एक लहानशी भर सुचवावीशी वाटण्याजोगी आहे : पंधरा किलोंचा एक बार, काही चकत्या, डंबेलच्या पाच-सहा जोड्या, जाड रबरी चटया, आणि आठवड्यातून दोन दिवस येणारी एक जाणती प्रशिक्षिका. किशोरवयीन मुलींना हलक्या वजनाने, देखरेखीखाली, हालचाली शिकविण्यास वैद्यकीय आक्षेप नाही. उलट हाडांची पुंजी साठविण्याचे वय तेच. संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्याच खोलीत त्यांच्या माता आणि आजी आल्या तर सोन्याहून पिवळे. येथे शिकलेली मुलगी उद्या जयपूरला जाईल, नागपूरला जाईल, किंवा सातासमुद्रापार जाईल. व्याकरण आणि गणित तिच्यासोबत जाते, तसे पाठ न वाकविता भार उचलण्याचे ज्ञानही जावे. कारण भार तर तिला आयुष्यभर उचलावयाचाच आहे. तो तिने मोजून, समजून आणि आपल्या इच्छेने उचलावा, एवढीच या प्रसंगी प्रार्थना.